जन्मतारीख 1 जून

प्रश्न : ताई, आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो, तीन पिढ्या इथेच गेल्या. आमच्याकडे सात वर्षांपासून धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई कवांट तालुक्यातल्या आहेत. गाव अगदी मध्य प्रदेशच्या हद्दीवर. नवरा इथे सेंटरिंगच्या कामावर जातो, मुलगा गावी आजीजवळ असतो. पंधरा वर्षांचा आहे, नववीतून शाळा सुटली. गेल्या आठवड्यात मोटारसायकलवरून दारूच्या बाटल्या आणताना तो पकडला गेला. बाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि आत न येता दारातच बसून राहिल्या. गावाकडचा कोणी एक माणूस ‘मी बोलून सोडवतो’ म्हणून तीस हजार मागतोय. गाडी बाईंच्या नवऱ्याच्या नावावर आहे, हप्ते अजून फिटायचेत.

माझी पैसे द्यायची तयारी आहे. यजमान म्हणतात, देऊ नकोस, सुटला की पुन्हा तेच करेल. शिवाय त्या गावांना यातूनच चार पैसे मिळतात, आपण कशाला मध्ये पडायचं? पण माझी झोप उडाली आहे ती दुसऱ्याच गोष्टीने. महिन्यातून एकदा यांचे मित्र आमच्याकडे बसतात. बाटली कुठून येते, मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ग्लास याच बाई घासतात. मी पैसे द्यावेत का? आणि बाईंशी बोलू तरी काय?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : पैसे द्या, पण त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. तो वकील असता तर त्याने आधी वकीलपत्रावर सही मागितली असती. असा मध्यस्थ प्रत्येक गावात असतो, आणि पुष्कळदा तो त्याच लाइनचा माणूस असतो. ते तीस हजार त्याच्याकडे उधार राहिले, की मुलगा सुटून आल्यावर ते फेडणार कसे? दारूच्या खेपा मारून. मी हे होताना पाहिलं आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते.

मुलगा अठराच्या आतला आहे, त्यामुळे त्याला पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. जामीन देणं हा तिथे नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. सुटल्यावर मुलगा पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत पडेल असं मंडळाला वाटलं, तर मात्र जामीन अडू शकतो. म्हणून आईवडिलांनी मंडळापुढे स्पष्ट सांगावं की मुलगा आता आजीकडे राहणार नाही, आमच्याजवळ वडोदऱ्यात राहील. त्यासाठी भाड्याच्या खोलीचा पत्ता लागेल, एखाद्या भल्या माणसाचा आधार लागेल. तिथे तुमचे पैसे आणि तुमचा वेळ कामी येईल. वकील मोफत मिळतो. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही मुलाला तो हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आपल्याकडे गुजरातीत त्याला कानूनी सेवा सत्ता मंडळ म्हणतात. फोन 15100, मुलांसाठी 1098.

आणि आज, उद्यावर न टाकता, मुलाच्या शाळेतून जन्मतारखेचा दाखला काढायला सांगा. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा कागद बघतो. अठराच्या आत की वर, हा मोठा प्रश्न तर आहेच, पण सोळाच्या आत की वर, यालाही या कायद्यात वजन आहे.

इथे मला थोडं थांबावं लागतं.

छोटा उदेपूरकडच्या एका आश्रमशाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं. तो भाग तेव्हा वडोदरा जिल्ह्यातच होता, वेगळा जिल्हा 15 ऑगस्ट 2013 ला झाला. जूनमध्ये पहिलीत मुलं दाखल व्हायची. आई सांगायची, ‘होळी पछी थयो हतो, महुडा पडता हता त्यारे.’ म्हणजे होळीनंतर, मोहाची फुलं गळत होती तेव्हाचा. रजिस्टरच्या रकान्यात मोहाची फुलं लिहिता येत नाहीत. आम्ही मुलाचे दात बघायचो, डोक्यावरून हात घालून दुसऱ्या बाजूचा कान धरता येतो का ते बघायचो, आणि 1 जून लिहायचो. माझ्या अक्षरातल्या 1 जूनच्या कितीतरी तारखा त्या रजिस्टरांत आहेत. पुढे माझा एक विद्यार्थी खेपेत पकडला गेला. त्याच्या वकिलाने शाळेतून दाखला मागवला, आणि त्या एका ओळीवर तो कुणापुढे उभा राहणार हे ठरलं. मी अंदाजाने टाकलेल्या वर्षामुळे तो कागदावर अठरा ओलांडून गेला होता. त्याची आई म्हणत होती, अजून दोन होळ्या बाकी आहेत. तिचं ऐकायला कागद नव्हता. ते वर्ष लिहिताना मी आणखी दहा मिनिटं तिच्याशी बोलायला हवं होतं, तिच्या थोरल्या लेकराच्या, शेजारणीच्या लेकराच्या वयाशी ताडून पाहायला हवं होतं. हे माझं कायमचं दुखणं आहे. म्हणून दाखल्यातली तारीख आईला वाचून दाखवा. चूक वाटली तर जन्मनोंद, अंगणवाडीतलं लसीकरणाचं कार्ड, जे मिळेल ते वकिलाच्या हातात द्या.

आता यजमानांचं ‘चार पैसे’. या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायचं आहे, कारण वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांत मी हे वाक्य फार ऐकते.

आधी हा धंदा चालतो कसा ते बघा. गुजरातेत दारूबंदी आहे, राज्य झालं त्या 1 मे 1960 पासून. कायदा त्याच्याही आधीचा, मुंबई राज्याचा, 1949 चा. 2017 च्या दुरुस्तीने शिक्षा 10 वर्षांपर्यंत आणि दंड 5 लाखांपर्यंत गेला. कवांटच्या डोंगरापलीकडे अलिराजपूर जिल्हा लागतो, तिथे सरकारी परवान्याचं दारूचं दुकान, म्हणजे ठेका, उघडा असतो. ओढ्याच्या त्या काठावर बाटली म्हणजे किराण्यासारखा माल, या काठावर गुन्हा. ओढा ओलांडण्याचं काम तेवढं गावातली पोरं करतात. त्याला खेप म्हणतात आणि करणाऱ्याला खेपिया. पुढे एक गाडी रस्ता मोकळा आहे का ते बघत जाते, ते पायलोटिंग. मोठा माल एखाद्या शेतात उतरवून छोट्या गाड्यांत वाटतात, ते कटिंग. तिथून तो आपल्या शहरात येतो. मालाचा धनी त्या गावात राहत नाही, ओढ्यात त्याचे पाय कधी भिजत नाहीत.

पोराला काय मिळतं? माझ्या वर्गातल्या एकाने सांगितलं होतं, एका खेपेचे पाचशे. ते मला कळलं तेही वेगळ्याच रीतीने. शाळेत वर्षातून एकदा डॉक्टर तपासायला यायचे. मुलं सदरे काढून रांगेत उभी राहायची. आठवीतल्या या मुलाच्या पोटावर आणि पाठीवर आडवे पट्टे होते, तांबूस, कडेला सोललेले. मला वाटलं कुणीतरी मारलंय. डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, चिकटपट्टी. खोकी बांधायची ती रुंद, तपकिरी टेप. क्वार्टरच्या बाटल्या पोटाभोवती ओळीने लावून वरून टेप गुंडाळायची, त्यावर सदरा, सदऱ्यावर स्वेटर. उतरवताना टेप ओढून काढायची, घाई असते. मी त्याला खोबरेल तेल दिलं. दुसरं काय करावं मला सुचलं नाही. हजेरीच्या वेळी तो आला नाही की पोरं एका सुरात ओरडायची, ‘बेन, नथी आव्यो!’, बाई, आला नाही, आणि खाली बघायची. पुढच्या सत्रात ती मला सहा नावांसाठी खाली बघताना दिसू लागली.

मुलाला असं वापरणं हा वेगळा गुन्हा आहे, हे तुमच्या वकिलाला जरूर सांगा. बाल न्याय कायद्याच्या कलम 78 प्रमाणे, मुलाचा वापर करून दारू वाहून नेणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. त्या मुलाला माल कुणी दिला हा प्रश्न मंडळापुढे विचारला गेला पाहिजे.

गाडीचं म्हणाल तर तिथे खरी कंबर मोडते. दारूत सापडलेली गाडी वर्षानुवर्षं अडकते आणि हप्ते थांबत नाहीत. शाळेच्या वाटेवर एक पोलिस ठाणं होतं. मागच्या आवारात मोटारसायकली एकमेकींवर रेललेल्या, चाकांतून गवत वर आलेलं. एका गाडीच्या हँडलला पूजेच्या दिवशी बांधलेली लाल चुनरी तशीच होती, उन्हाने गुलाबी पडलेली. कुणीतरी सेंटरिंगवर, कुणीतरी भरूचच्या उसात राबून ती गाडी घेतली असेल. त्यातच भर म्हणजे, अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकावर किंवा मालकावरही खटला होऊ शकतो. वडिलांना माहीत नसताना मुलाने गाडी नेली असेल तर ते पहिल्यापासून सांगितलं पाहिजे, नंतर सुचलेलं कुणी ऐकत नाही.

पण पैशाचं नुकसान मोजता तरी येतं. मला जे नुकसान सगळ्यांत मोठं वाटतं त्याला हिशेब नाही. ते एका घराच्या कौलांवरून सांगते.

झाबुआ-अलिराजपूरकडे हलमा म्हणतात, हद्दीच्या अलीकडेही ती रीत आहे. एकाच्या घराचं काम निघालं की गाव जातं. कुणी मजुरी मागत नाही, जेवण घरधन्याचं. कौलं चढवायची तर वीस-पंचवीस माणसं शिडीपासून आढ्यापर्यंत उभी राहतात आणि कौल हातोहात वर जातं, दुपारपर्यंत छप्पर पुरं. शाळेजवळच्या वस्तीत एका म्हाताऱ्याच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. त्याने 108 ला फोन लावला. गाडी आली. कच्च्या रस्त्यावर दूरवरून तिचे दिवे दिसले आणि त्याच वेळी डोंगरातून माल उतरत होता. पोलिस आले असं वाटून पोरांनी माल नाल्यात टाकला, बराच फुटला. सुनेला मुलगी झाली, दोघी सुखरूप. चार दिवसांनी म्हाताऱ्याबद्दल गावात शब्द फिरला : बातमीदार, म्हणजे पोलिसांचा खबऱ्या.

त्या वर्षी वैशाखात म्हाताऱ्याने घर शाकारायला काढलं. गावाला सांगितलं. डाळ शिजवली, मक्याच्या भाकरी केल्या. कोणी आलं नाही. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होते : म्हातारा शिडीवर, मुलगा मधे, सून खाली तान्ह्या पोरीला झोळीत बांधून कौलं देते आहे. दोन कौलं, मग थांबायचं, पुन्हा दोन. पाच दिवस ते काम चाललं. मी आमची सातवीची मोठी मुलं घेऊन गेले, तर दुसऱ्या दिवशी त्यांतल्या तिघांच्या बापांनी येऊन हात जोडले, ‘बेन, अमारा छोकराने ना मोकलशो.’ आमच्या पोरांना पाठवू नका. त्यांचा म्हाताऱ्यावर राग नव्हता, त्यांना भीती होती.

आणि त्यानंतर? त्या वस्तीत रात्री 108 ला फोन करायला माणसं कचरू लागली. पोट दुखलं तर उजाडेपर्यंत थांबायचे, विंचू चावला तर बडव्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जायचे. नव्या माणसाशी बोलताना दोघं असतील तर तिसरा येऊन उभा राहायचा. ग्रामसभेत कोणी रस्त्याचा विषय काढला तर आधी सगळे बघायचे, कोणाची मान हलते. ज्या समाजात तंटा झाला तर सगळं गाव झाडाखाली बसून निवाडा करायचं, तिथे संध्याकाळी सातला दारं लागू लागली. कवांटजवळच रंगपूरला हरिवल्लभ परीखांनी आश्रम काढून वर्षानुवर्षं लोकअदालत चालवली. हजारो माणसं उघड्यावर, सगळ्यांदेखत आपली भांडणं मांडायची. ती याच मातीतली माणसं. उघड्यावर बोलायची त्यांची सवय मोडली, हे ते ‘चार पैसे’ घेऊन जातात.

एक गैरसमज मात्र तुमच्या मनात असेल तर काढून टाका. ‘ते लोक पितातच’ असं म्हणणारे भेटतात, मला फार राग येतो. मोहाची दारू त्यांच्या देवाधर्मातली आहे. पिठोरा, म्हणजे घराच्या भिंतीवरचं देवाचं चित्र, लिहिला जातो तेव्हा, पूर्वजांना स्मरताना, आधी जमिनीला धार देतात आणि मग घोट घेतात. घरच्या मोहाची, घरच्या मडक्यातली. हद्दीपलीकडे घरापुरती ती काढायची मुभा आदिवासींना आहे, अलीकडे गुजरातेत तोच गुन्हा आहे. क्वार्टरची बाटली त्यांच्या कुठल्याही विधीत नाही. ती आपल्याकडच्या बैठकांसाठी त्यांच्या अंगावरून येते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. बाईंशी काय बोलावं? जे मला लिहिलंत तेच बोला. दारात नका बसू देऊ, आत बोलवा, पाणी द्या, आणि सांगा, ‘आमच्या घरी पण बाटली येते, ती कुठून येते मी विचारलं नव्हतं.’ बाईंना ते आधीपासून माहीत आहे, सात वर्षं त्या ग्लास घासत आहेत. तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळू द्या. त्या गप्प राहतील कदाचित, राहू द्या. आणि ती बैठक बंद करा. यजमानांना हे पान वाचायला द्या, रागावले तर माझ्यावर रागावू देत. ते बँकेतून किंवा कचेरीतून निवृत्त असतील तर अर्ज, दाखले, तारखा यांत त्यांच्याइतकी मदत कुणी करू शकणार नाही. बाईंच्या बरोबर मंडळाच्या तारखेला एक शिकलेला माणूस नुसता बाकावर बसून असला तरी फरक पडतो.

मुलगा आठवी पास आहे. आयटीआयला वेल्डर, वायरमन असे ट्रेड आठवीवर मिळतात. बाल न्याय कायद्याखाली चाललेल्या प्रकरणाने मुलाला पुढे नोकरीला अपात्र धरता येत नाही, कलम 24 तेवढ्यासाठीच आहे. हे त्याला स्वतःला, तोंडाने, कुणीतरी सांगा. पकडलेल्या पोरांना वाटतं आता आपलं नाव संपलं, आणि तिथून ती परत येत नाहीत.

प्रश्न : मी इंदूरचा. मुलगी अलिराजपूर जिल्ह्यात नोकरीला आहे. आमच्याकडे दारू परवान्याची, कर भरून विकलेली. गुन्हा घडतो तो गुजरातच्या हद्दीत. मग आमच्या बाजूच्या गावांचं यात काय बिघडतं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : माणसं तीच आहेत. भिल्ल, भिलाला, राठवा यांच्या सोयरिकी हद्द बघून होत नाहीत. मामा अलिराजपूरला, भाचा कवांटला. खेपेला दोघं जातात, पकडला तर कोणीही जातो.

तुमच्या बाजूच्या पोराचं तर आणखी अवघड होतं. खटला गुजरातेत चालतो. कागद गुजरातीत असतात, त्याची बोली भिली, शाळेत गेला असला तर हिंदी. 2011 च्या जनगणनेत अलिराजपूरची साक्षरता सुमारे 36 टक्के होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत कमी. अंगठा कशावर दिला हे त्याला ठाऊक नसतं. दर तारखेला दोन दिवसांची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि मग तो पोरगा कामासाठीही गुजरातेत उतरायला घाबरतो. त्या भागातल्या माणसाला गुजरात सोडून काम कुठे आहे? होळी झाली, भगोरियाची जत्रा संपली, की गावंच्या गावं इकडे येतात.

तुमच्या मुलीला विचारा, हद्दीजवळच्या ठेक्यावर जेवढा माल उतरतो तेवढा पिणारी माणसं त्या वस्तीत आहेत का. तिला रोज दिसत असेल.

आणि काम म्हणाल तर तेही सांगते, कारण ‘मेहनत करून खा’ असं त्या पोरांना सांगणं मला नेहमी सोपं गेलं नाही. अलिराजपूर, झाबुआ, धारकडची माणसं गोध्र्याच्या बाजूला दगड दळायच्या कारखान्यांत कामाला यायची. पांढऱ्या दगडाची पूड छातीत बसून सिलिकोसिस झाला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख द्यायचा आदेश गुजरात सरकारला दिला. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे मामा तिथून परतले होते. भाच्याला शाळेत सोडायला आले की फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेत तीनदा बसायचे. त्या मुलाला मी एकदा खेपेवरून फार बोलले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘बेन, तो शुं करुं? मामा जेवुं काम करुं?’ मामासारखं काम करू का, असं विचारत होता तो मला. त्या दिवशी मी त्याला उत्तर देऊ शकले नाही.